श्वासाची जागा

"ते गाणं देवळात नको, मास्तर." पाळकसाहेबांनी आवाज खाली आणला होता, कारण दारापलीकडेच शवपेटी ठेवलेली होती. "लग्नात नाचतात लोक त्यावर. सिनेमाची चाल प्रभूच्या नावानं म्हणायची?"

पेटीमास्तरांचा उभा जन्म या ख्रिस्ती देवळातली पायपेटी वाजवण्यात गेला, आज बायको शवपेटीत आणि कालपरवा बदलून आलेला हा पोरगेला पाळक असं बोलतोय! उत्तर दिलं ते त्यांच्या मेहुणीनं.

"सिनेमाची कसली? ताईनं बांधलीय ती चाल. तिची पोर गेली ना, तेव्हा. इथंच उभं राहून म्हटलंय आम्ही. तुमच्या त्या सिनेमाचा तेव्हा पत्ता तरी होता का?"

पाळक वरमले. "असेल हो. पण लोकांच्या कानात काय बसलंय? तिसरी ओळ संपली की हात आपोआप टाळ्या वाजवतात." मग म्हणाले, "एकच कडवं घ्या. पण टाळी ऐकू आली तर मी थांबवीन. त्या बाईंची विटंबना मला चालायची नाही."

"मलाही नाही," मास्तर म्हणाले.

दोष तरी कुणाला द्यायचा? रविवारी देवळात आणि बाकीचे दिवस सिनेमाच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगला, असं मास्तरांचं चाले. रेकॉर्डिंगआधी बोटं मोकळी करायला प्रत्येक वादक काहीतरी वाजवतोच. मास्तर बायकोचं गीत वाजवत. सवयच ती, तिथं विचार कोण करतो! एकदा संगीतकाराने, ज्याला सगळे दादा म्हणत, काचेमागून विचारलं, "काय वाजवताय हो मास्तर? गोड आहे."

"काही नाही, दादा. देवळातलं आपलं."

झालं, एवढंच. पुढच्या रेकॉर्डिंगला तीच चाल समोर आली. लय दुप्पट, शब्द डोळा मारणाऱ्या पोरीचे, आणि तिसऱ्या ओळीनंतरच्या रिकाम्या जागेत दोन खणखणीत टाळ्या.

"दादा, हे तर आमचं..."

"देवाघरचं ना? मग सगळ्यांचंच की!" दादा हसले. वादक हसले. आणि काय सांगावं, मास्तरही हसले आणि मुकाट्याने वाजवायला बसले.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ऐकून तिचे हात थांबले. "आणि तुम्ही वाजवलंत?"

"वाजवलं."

तिने घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली. "अहो, तिथं मी श्वास घेते," एवढंच म्हणाली.

लेकीच्या दफनाला गाताना तिसऱ्या ओळीशी तिला हुंदका आला होता. ती थांबली, तिच्यासाठी गायकमंडळ थांबलं, मग श्वास घेऊन ती पुढे गेली. तेव्हापासून तो थांबा गीतातच राहिला. लेकीचं दुसरं काहीच त्या दोघांकडे उरलं नव्हतं.

सिनेमाचं गाणं असं गाजलं की बास. बसमध्ये तेच, न्हाव्याच्या दुकानात तेच, शेजारणीच्या फोनवर तेच. देवळातली मंडळीही लग्नांत त्यावर नाचून घेत. बायकोने गीत म्हणायचं सोडलं. शेवटी इस्पितळात, नाकात नळी असताना म्हणाली, "माझ्या वेळेला आपलं गीत घ्या. आणि कुणी टाळ्या वाजवल्या ना, तर उठून बसेन हं मी! पळता भुई थोडी होईल सगळ्यांना." हसता हसता तिला धाप लागली. मास्तरांनी शब्द दिला.

आता मंडळी उभी राहिली. मास्तरांनी पायांनी भाता भरला. पाळकाची खूण दिसावी म्हणून पेटीवर एक छोटा आरसा लावलेला असे, त्यात सगळे दिसत होते. वाईट त्यांच्यात कुणीच नव्हतं. डोळे सगळ्यांचे ओले होते. दोन ओळी नीट गेल्या. तिसरी सुरू झाली आणि गीतपुस्तकं काखेत गेली. रडता रडता शेजारणीचे तळवे एकमेकांसमोर आले. पाळकांनी मान वर केली.

मास्तर थांबले नाहीत. तिसरीचा शेवटचा सूर सुटायच्या आत त्यांनी चौथी ओळ धरली. गायकमंडळ ठेचकाळलं, मेहुणीचा दम मध्येच तुटला, पण सगळे कसेबसे मागून आले. टाळी पडली नाही.

शवपेटी उचलली तेव्हा मेहुणी मास्तरांपाशी थांबली. "भाऊजी, ताईचा श्वास खाल्लात तुम्ही."

"मग काय करू? टाळ्या वाजू देऊ?"

ती डोळे पुसत बाहेर गेली. देऊळ रिकामं झालं. मास्तरांना राहवेना. निदान एकदा तरी तिचं गीत तिच्यासारखं व्हायला हवं होतं. त्यांनी तिसरी ओळ पुन्हा वाजवली, अगदी सावकाश, आणि बोटं उचलली. जागा मोकळी सोडली. आता टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं.

त्यांचा उजवा पाय भात्यावरून खाली उतरला आणि फरशीवर दोनदा पडला, बरोबर ठेक्यात.

मास्तर त्या पायाकडे बघत राहिले. बाहेरून हाक आली, "मास्तर, चला, तुमच्यासाठी थांबलेत." त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि ते बायकोला पोचवायला निघाले.