ताईचा बॉयलर

अधिवेशन संपलं की आमदाराला झोप हवी असते आणि लोकांना जाब विचारायचा असतो. तिसऱ्यांदा निवडून आल्यावर मास्तरांना हे पुरतं कळून चुकलं होतं. राजकारणात येण्याआधी ते शाळेत भूगोल शिकवायचे, म्हणून सगळा मतदारसंघ त्यांना अजून मास्तरच म्हणायचा. दर अधिवेशनानंतर ते वाचनालयाच्या सभागृहात लोकांना बोलावत आणि कोणते नवे कायदे झाले, त्यांनी कोणाचं काय होणार, हे समजावून सांगत. पहिल्या वर्षी मोठ्या हौसेनं त्यांनी हे सुरू केलं होतं. आता हौस गेली होती, पण सवय लोकांना लागली होती.

त्या शनिवारी दुपारी सभागृहात पाऊल ठेवायला जागा नव्हती असं काही नाही. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. माइक मधूनच गुरगुरत होता. मास्तरांचा घसा आधीच्या दोन सभांनी बसला होता आणि नव्या बुटांनी टाच सोलून निघाली होती.

त्यांची सहायिका कागद लावता लावता हळूच म्हणाली, "सर, तो बॉयलरचा कायदा अगदी शेवटी घेऊ या का? तोवर अर्धे लोक उठून जातात."

"ती नाही उठायची," मास्तर म्हणाले.

ती म्हणजे ताई. मास्तरांची थोरली बहीण. पहिल्या रांगेत, मधोमध, इस्त्रीची घडी न मोडलेल्या कपड्यांत ती बसली होती. भावाच्या एकाही सभेला ती चुकली नव्हती. टाळ्या पहिल्यांदा तीच वाजवायची आणि वाजवत नसलेल्यांकडे वळून बघायची. चौकाच्या कोपऱ्यावरच्या तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर तिची लॉन्ड्री होती. आईवडील लवकर गेले, तेव्हा त्याच लॉन्ड्रीच्या वाफेत उभं राहून तिनं धाकट्या भावाला शिकवलं. स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "एक पोर आयतंच मिळालं होतं की मला."

आणि नवा कायदा नेमका अशाच लॉन्ड्र्यांवर आला होता. दुसऱ्या एका शहरात राहत्या इमारतीच्या तळघरातला बॉयलर फुटला आणि वरची माणसं झोपेतच गेली. त्यानंतर समिती बसली. मास्तर समितीत होते. त्यांनीच सगळ्यांच्या मागे लागून, भांडून कायदा पुढे रेटला : जिथं वर माणसं राहतात, तिथं खाली बॉयलर नाही. मुदत एका वर्षाची.

ताईला सांगायचं, असं त्यांनी कितीदा तरी ठरवलं. दुकानात जायचे. ताई म्हणायची, "आलास? बस. किती वाळलायस रे!" आणि ते चहा पिऊन तसेच परत यायचे. कायद्याचं नावही असं लांबलचक होतं की वर्तमानपत्रात वाचून तिला पत्ता लागला नाही.

सभा सुरू झाली. भाडेकरूंचा कायदा झाला, शाळेच्या बसगाड्यांचा झाला. लोकांनी प्रश्न विचारले ते मात्र रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल. एका निवृत्त दंतवैद्यांनी कबुतरांवर बराच वेळ भाषण केलं. मास्तर पुन्हा पुन्हा सांगत राहिले की तो विषय नगरपालिकेचा आहे, आणि लोक पुन्हा पुन्हा असे बघत राहिले जणू नगरपालिका त्यांच्या खिशात आहे.

मग त्यांनी पाणी प्यायलं आणि पुढचा कागद घेतला. टाळता आलं असतं. सहायिकेनं तशी नजरही टाकली. पण मास्तरांनी वाचलं, सोपं करून सांगितलं, कुठंही आडपडदा ठेवला नाही. सांगताना ते मागच्या भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होते.

पहिल्या रांगेत हात वर झाला.

"आमदारसाहेब," ताई म्हणाली.

जन्मात तिनं त्यांना अशी हाक मारली नव्हती.

"एक लॉन्ड्री आहे. वरच्या मजल्यांवर माणसं राहतात. तिचं काय करायचं?"

"बॉयलर हलवावा लागेल."

"कुठं?"

"ते... मालकांनी बघायचंय. वर्षाची मुदत आहे."

"मालकीणबाईंचं वय झालंय. गुडघे गेलेत. त्यांनी बॉयलर काय कडेवर घेऊन फिरायचं का?"

सभागृह हसलं. ताई हसली नाही. मागून एकानं आवाज दिला, "मास्तर, जुन्या लोकांना सूट द्या की!" दुसरा म्हणाला, "अहो, ताईंच्या बॉयलरनं आजवर कोणाचं काय वाकडं केलंय?" बघता बघता सगळेच ताईच्या बाजूनं बोलू लागले. ताईची मान जरा ताठ झाली.

तेवढ्यात दाराजवळ एक तरुण बाई उभी राहिली. खांद्यावर झोपलेलं बाळ होतं. ताईच्या दुकानाच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर ती आणि तिचा नवरा राहायचे.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की लोकांना गप्प व्हावं लागलं. "रोज पहाटे बॉयलर लावला की तो शिटी मारतो. जमीन थरथरते. मी बाळाला उचलते आणि जिन्यात जाऊन बसते. शिटी थांबली की परत येते."



ताई वळली. "अगं, मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्हाला कसं सांगणार?" बाई म्हणाली. "तुम्ही आमदारांच्या ताई."

तिनं हे रागानं म्हटलं नव्हतं. उन्हाळ्यात उकडतं म्हणावं तसं म्हटलं. पिशवी उचलून ताई सरळ बाहेर चालू लागली. दाराशी त्या बाईजवळ क्षणभर थांबली, बाळाकडे बघितलं, आणि गेली.

मास्तरांनी उरलेले कायदे कसे सांगितले ते त्यांचं त्यांनाही आठवत नाही.

संध्याकाळी ते दुकानावर गेले. शटर अर्धं खाली होतं. ते वाकून आत शिरले. आत कधी नव्हती अशी शांतता होती. बॉयलर बंद होता. कपडे दाबणारा कामगार घरी गेला होता आणि ताई एकटीच टबातल्या ओल्या चादरी पिळत उभी होती.

"ताई..."

"बोलू नकोस."

ते स्टुलावर बसले. बूट काढला आणि टाच धरून राहिले.

"समितीत किती दिवस चाललं होतं हे?" ताईनं विचारलं.

"वर्षभर."

"वर्षभर येऊन इथंच बसत होतास. याच स्टुलावर. चहा प्यायचास." तिनं चादरीला पीळ दिला. "कायदा केलास त्याचं मला काही नाही. केलास ते बरोबरच असेल, तुला अक्कल आहे. पण चारचौघांत ऐकायला लावलंस रे. मी तिथं टाळ्या वाजवायला बसले होते."

"तुझ्यासमोर बोलायचा धीर होईना."

"त्या पोरीलाही झाला नाही," ताई म्हणाली. "म्हणजे मी अशी काय वाघीण आहे? पहाटे पोर घेऊन जिन्यात बसते ती, आणि मी खाली रेडिओ लावून गाणी म्हणते!" तिचा आवाज चिरकला. तिनं ओल्या हातानंच नाक पुसलं.

"अगं, अजून वर्ष आहे. उद्यापासून बंद करायची काही गरज नाही."

"मुदत तुझ्या कायद्याला असेल. उद्या पहाटे बटण दाबायला माझा हात नाही धजायचा. ऊठ, टब धर. हॉटेलच्या चादरी आहेत, उद्या द्यायच्यात. गच्चीवर वाळत घालू या."

मास्तरांनी बूट पुन्हा चढवला. एका बाजूनं आमदार, दुसऱ्या बाजूनं ताई, मध्ये पाणी गळणारा टब. पहिल्या मजल्यापर्यंत दोघांच्या छातीचा भाता झाला. दोघं पायरीवर टेकली.

समोरचं दार उघडलं. तीच तरुण बाई. दोघांना तसं बसलेलं बघून ती गोंधळली.

"ताई, मी सभेत तसं बोलायला नको होतं."

"बोललीस ते बरं केलंस," ताई म्हणाली. "तुझं बाळ झोपलंय का? मग ये जरा, कान धर टबाचा. हा माझा भाऊ निव्वळ भाषणाच्या कामाचा आहे."

बाई हसली आणि पुढे आली. मास्तर मागून नुसते चिमट्यांची पिशवी घेऊन चढले.

ताईनं बॉयलर परत लावला नाही. काही महिने हातइस्त्रीवर आणि गच्चीच्या दोऱ्यांवर काम चाललं. हॉटेलवाल्यांनी दुसरी लॉन्ड्री धरली. दोन कामगार निघून गेले. मग गोदामांच्या बाजूला एक पत्र्याची शेड मिळाली, तिथं बॉयलर गेला. ताईला तिथं जायला दोन बस बदलाव्या लागायच्या. जुनी गिऱ्हाइकं तेवढ्या लांब आली नाहीत. ताई कधी कुरकुरली नाही, पण मास्तरांना ती आता आधीसारखं रागावतही नव्हती, आणि ते त्यांना जास्त लागायचं.

पुढच्या अधिवेशनात एका सदस्यानं दुरुस्ती आणली : लहान धंद्यांना या कायद्यातून वगळा. सभागृहात दुपारची सुस्ती होती. मास्तरांना उठायचं जिवावर आलं होतं. एक शब्द न बोलता बसून राहिले असते, तरी कोणी विचारलं नसतं. पण ते उठले. विरोधात बोलले. पहाटे जिन्यात बाळ घेऊन बसणाऱ्या एका आईबद्दल सांगितलं. शेडमध्ये दोन बस बदलून जाणाऱ्या एका बाईबद्दलही सांगितलं, आणि अशांना जागा द्यायची सोय कायद्यातच करा, अशी मागणी केली. समोर एक जण पेंगत होता. दुरुस्ती थोडक्या मतांनी पडली. जागेची मागणी समितीकडे गेली. समितीकडे गेलेल्या गोष्टी कधी परत येतात, ते मास्तरांना चांगलं ठाऊक होतं.

बाहेर व्हरांड्यात येऊन त्यांनी फोन लावला. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"ताई, सूट नाही दिली. मी विरोधात मत दिलं."

"काय? मोठ्यानं बोल."

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"बरं केलंस," ताई म्हणाली. "जेवलास का?"

"नाही अजून."

"मग जेव आधी. मला गठ्ठे बांधायचेत." तिनं फोन ठेवला.

मास्तर फोन खिशात टाकून वळले. मग उपाहारगृहाचा जिना उतरू लागले.