मायाक्काची गोळी तोडताना

येडूनं बायकोच्या पांढऱ्या गोळ्यांना निंबाच्या पाल्याचा रस चोळला, सावलीत वाळवल्या आणि गुपचूप परत पुडीत बांधून ठेवल्या. त्याच्या लेखी यात काही वावगं नव्हतं. कोकराचं दूध तोडायचं असलं की मेंढीच्या सडाला असंच कडू चोळतात. कोकरू तोंड लावतं, मान झटकतं आणि आपलं आपण कोवळ्या पाल्याकडं वळतं. बायको काय कोकराहून हट्टी असती, असा त्याचा हिशेब.

सांजच्याला मायाक्कानं पुडी सोडली, गोळी जिभेवर ठेवली, वर दोन घोट पाणी प्याली. भुवईसुद्धा हलली नाही.

"मीठ तेवढं कमी पडलं," म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली.

मंगळवेढ्याच्या खालच्या अंगाला काळीभोर रानं. तिथं ज्वारी विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. फाल्गुनात माती वाळून दगड झालेली असते, भेगांत ऊन उतरतं, आणि बायकांची रांग कमरेत वाकून ज्वारीचं एकेक ताट ओढत पुढं सरकते. दोन सुग्यांमागं मायाक्काची कंबर धरली, तेव्हा गावातल्या गोळीवाल्यानं ही पांढरी गोळी दिली. घटकाभरात कंबर दुसऱ्या कुणाची असल्यागत हलकी झाली. सुगी सरली, कंबर बरी झाली, गोळी मात्र मुक्कामाला राहिली. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या सहा. मेंढरं राखताना ती बसल्या जागी पेंगायची. एकदा लांडग्यानं तिच्या समोरून कोकरू उचललं आणि तिला ते मेंढरं कोंडताना कळलं. त्या दिवशी ती जेवली नाही.

सासू निंगव्वानं मग तळहातावर भंडारा ठेवून बिरोबाची शपथ घालायला लावली. मायाक्कानं मनापासून घेतली. तिसऱ्या दिवशी हातपाय कापायला लागले, पोटात अन्न ठरेना, आणि चौथ्या दिवशी तिनं गोळी गिळली. तेव्हापासून देवळावरून जाताना ती पदर डोळ्यांवर ओढून घ्यायची. निंबाचा उपाय फसला त्या सांजेला तीच म्हणाली, "मला कुटंतरी दवाखान्यात टाका. पर सुगीच्या आदी ही माज्यातनं काडा. येकदा ज्वारीत वाकले, तर मी परत हिच्याकडंच जाणार बगा."

सुगीला महिना उरला होता. येडूनं मेंढरं भावकीच्या हवाली केली आणि बायकोला घेऊन निघाला.

तालुक्याच्या गावी व्यसनमुक्ती केंद्र होतं. दारावर बाटली फोडणाऱ्या मिशीवाल्या गड्याचं चित्र. येडू दारात उभा राहिला न राहिला, तोच आतल्या दोघांनी त्याला दोन्ही दंडांना धरलं. एकानं त्याचा पटका उतरवून आत काय दडवलंय ते बघितलं, दुसऱ्यानं खिसे उलटे केले. बिचारा येडू चहासुद्धा साखर कमी घालून पिणारा. तो सांगू लागला की मी न्हाई, ही. तर ते म्हणाले, मामा, सगळे असंच म्हणत्यात, बायकोवरच ढकलत्यात. मायाक्का बाकावर बसून हे सगळं बघत होती. महिन्यांमागून महिने गेले होते तिला हसून. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

"ठिवा की पंधरा दिस," ती म्हणाली. "घोरतोय लई. त्येचं काय औशिद आसलं तर बगा."

मग घोटाळा उलगडला आणि हसू आटलं. बायकांची सोय इथं नव्हती. पुढच्या गावीही नव्हती. तिथला माणूस तर, बायका कुठं असलं करतात होय, असं म्हणून मायाक्काकडं असं बघायला लागला की येडूनं तिला आपल्या पाठीमागं घेतलं. तिसऱ्या ठिकाणी मात्र एका नर्सबाईनं चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. सोलापूर, शुक्रवार पेठ, डॉक्टर सिद्धेश्वरी.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी येडूला नाही, मायाक्काला खुर्ची दिली. गोळ्या किती, कधीपासून, सगळं तिलाच विचारलं. शपथेचंही ऐकून घेतलं.

"अंग कापलं ते देव कोपला म्हणून नाही," त्या म्हणाल्या. "गोळी एकाएकी तोडली म्हणून. ती हळूहळू उतरवायची असते. मामा, तुम्ही कोकराचं दूध कसं तोडता?"

येडूला अखेर आपल्या हातातला विषय सापडला. तो खुलला. "एकदम तोडलं तर कोकरू दगावतंय की. पैलं सकाळचं पाजणं बंद. धा दिसांनी दुपारचं. पाला तोंडाला लागला की मग शेवटाला सडाला कडू..." इथं तो थांबला.

मायाक्का त्याच्याकडंच बघत होती. "कोकराला येवडी अक्कल लावता व्हय," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंच्या ओळखीच्या रुग्णालयात बायकांच्या खोलीत एक खाट मिळाली. संगं बाईमाणूस हवं, म्हणून निंगव्वा गेली. गावात परतल्यावर येडूनं सांगितलं, मायाक्का माहेरी दुधनीला गेलीय. त्याचं हे खोटं पाच दिवस टिकलं. सहाव्या दिवशी निंगव्वानं शेजारच्या सावित्रम्माला फोन लावला. निंगव्वाला फोनवर बोलायचं म्हणजे सोलापुरातून थेट गावापर्यंत ऐकू जाईल एवढं मोठ्यानं बोलावं लागतं, असं वाटतं. सावित्रम्मा नळावर होती, फोन तिनं बायकांच्या मधोमध धरलेला. गोळ्या सोडवायला आलोय, आता सहाच्या तीन झाल्या, पोरगी पोटभर जेवती, कापत न्हाई, रडली तर नर्सबाई जवळ बसती. सगळं सगळ्यांना कळलं.

येडूनं दोन दिवस मान वर केली नाही. तिसऱ्या दिवशी सावित्रम्मा मेंढरांच्या वाड्यावर आली. शेळी विकायचीय का, विचारत होती. दात बघितले, कास बघितली, आणि जाता जाता हळूच विचारलं, त्या दवाखान्यात यष्टी दारापर्यंत जाती का. दुपारी शिवलीला आली, तिलाही शेळीच हवी होती. येडूकडं शेळी एकच, आणि ती विकायची नव्हतीच.

सांजच्याला सुंदरम्मा आली. ज्वारी उपटण्यात साऱ्या गावात तिच्या हाताला हात नव्हता. शेळीच्या पाठीवरून हात फिरवत ती बराच वेळ उभी राहिली.

"शेळी ऱ्हाऊ द्या, वैनी," येडू म्हणाला. "दिसाला किती?"

सुंदरम्मानं शेळीवरची नजर काढली नाही. पदराआडून हात बाहेर काढला आणि चार बोटं धरली.

"मग लई न्हाईत," येडू म्हणाला. "सोमवारी सातच्या यष्टीला या. तिगी हायसा, मी हायच संगं."