धुतलेल्या तुळयांची वखार

मी धान्याची एक जुनी वखार आहे. मित्रांनो, तुम्ही आज माझ्यात पुस्तके वाचता, गाण्याच्या तालमी करता. पण एकेकाळी सगळ्या गावाचे वर्षाचे धान्य माझ्या छपराखाली असे. मला उभारताना एकही खिळा वापरला नव्हता. तुळईचे टोक खांबाच्या खाचेत आणि वर लाकडी खुंटी, बस्स! वादळात शेजारच्या गोदामाचे पत्रे उडाले, मी मात्र नुसती कुरकुरले.

पुढे पोती सिमेंटच्या गोदामात जाऊ लागली. माझ्या वाट्याला मोडक्या गाड्या आणि मांजरांची बाळंतपणे उरली. मग रस्ता रुंद करायचे ठरले आणि मी नेमकी आडवी आले. गावकऱ्यांनी खटपट करून शाळेशेजारची जागा मिळवली. पण पावसाळ्याआधी मी तिथे उभी राहिले नाही, तर माझी लाकडे सरपणाला जाणार होती.

सुतारकाकांनी मला हळुवार सोडवले आणि प्रत्येक लाकडावर खडूने क्रमांक घातला. ते जेवायला गेले, तेवढ्यात काकू शेजारणींना घेऊन आल्या आणि माझ्यावरची सगळी काजळी घासून काढली.

"अहो, बघा कशी लख्ख निघालीत!"

काकांनी कपाळाला हात लावला. "अगं, आकडे कुठे गेले?"

"त्या रेघोट्या? मला वाटलं, पोरांनी गिरगटलंय."

"पोरांनी? माझं अक्षर होतं ते!"

"मग पोरांचं बरं म्हणायचं."

शेजारणी हसल्या, काका हसले नाहीत. माझा प्रत्येक जोड हाताने कापलेला. एकाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही. काका तुळया लावून पाहत, पुन्हा उतरवत. आभाळ भरून येऊ लागले.

"लोखंडी पट्ट्या ठोकू आणि मोकळे होऊ," कामावरचा मुकादम म्हणाला. काकांनी आणखी एक तुळई लावून पाहिली. माझा जीव टांगणीला लागला.

काकू मात्र अजून ब्रश घेऊन एका खांबाशी झटत होत्या. "हा डाग काही जात नाही हो. सगळा खांब मुरून काळपट झालाय आणि एवढाच चौकोन गोरा."

काका वाकून पाहू लागले. तुळई जिथे वर्षानुवर्षे खांबाला टेकली होती, तिथे ऊन-धूर पोचलाच नव्हता. तिचा फिकट ठसा तिच्याच मापाचा उमटला होता. असा ठसा प्रत्येक खांबावर होता, मला सोडवताना उडालेल्या काजळीखाली झाकला गेलेला.

"अगं, तू घासलं नसतंस तर हे दिसलंच नसतं!"

"आता कसं बोललात! पण या खेपेला आकडे कोरायचे. आणि अक्षर माझं."

ठसे जुळवत जुळवत त्यांनी मला उभे केले. पहिली सर आली तेव्हा सगळे गाव माझ्या आत होते आणि एक थेंबही गळला नाही. नव्या इमारती पुष्कळ असतील. पण सगळी सुटी होऊन पुन्हा पूर्वीइतकीच घट्ट उभी राहिलेली मी आहे!

मित्रांनो, खांबांवरच्या काकूंच्या आकड्यांवरून खुशाल बोट फिरवा. तुमची नावे मात्र तिथे कोरू नका. त्यासाठी वह्या आहेत.