रिकामा रकाना

वकीलबाई पंधरा वर्षं नगरपालिकेत निवडून येत होत्या, तेही नळाच्या पाण्यासाठी भांडभांडून. कुणाचं शेपूट धरून नव्हे. यंदा पक्षाने त्यांना विधानसभेचं तिकीट दिलं. पुरुष मंडळींची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली, पण दिलं.

अर्ज त्यांनी स्वतःच भरला. दुसऱ्यांच्या अर्जांतल्या चुका काढण्यात जिची हयात गेली, तिला कारकून कशाला? एकच रकाना अडला: उमेदवारावर अवलंबून असलेल्या व्यक्ती.

"माझं नाव तिथे घातलंस तर याद राख," सासूबाई कडाडल्या. "शिवणयंत्र चालवून चालवून माझे गुडघे गेले, तेव्हा तू वकील झालीस. कोण कुणावर अवलंबून गं?"

"मग 'कुणी नाही' लिहू? तुमचं सगळं मीच बघते, आई. ते खोटं ठरेल."

"मग काहीच लिहू नकोस!"

कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या बाईने घरात हात टेकले. रकाना रिकामा राहिला.

छाननीच्या दिवशी विरोधी उमेदवाराच्या वकिलाने त्यावरच बोट ठेवलं आणि एक जुना निकाल पुढे सरकवला. दहा वर्षांपूर्वी वकीलबाईंनी एका शिक्षकाचा अर्ज याच कारणावरून बाद करवला होता.

"रिकामा रकाना म्हणजे मतदारापासून लपवलेली गोष्ट," त्याने वाचलं. "वाक्य बाईंचंच आहे, साहेब."

निवडणूक अधिकारी भला माणूस. "बाई, तो निकाल चुकला होता असं म्हणत असाल, तर मी तसं लिहून घेतो. मार्ग निघेल."

त्या शिक्षकाने पुन्हा कधी अर्ज भरला नव्हता. निकाल चुकीचा म्हणावा, तर त्याला उगाच बुडवला. बरोबर म्हणावा, तर आपण बुडालो. वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"निकाल बरोबर होता," त्या म्हणाल्या.

अर्ज बाद झाला.

बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या. "माझ्यापायी?"

"रकाना मी सोडला."

"घालायचं होतंस की नाव, शहाणे! मी काय वाचायला येणार होते?"

वकीलबाईंनी घड्याळ पाहिलं. अडीचला कोर्टात तारीख होती. त्यांनी सासूबाईंना रिक्षात बसवलं आणि स्वतः चालत कोर्टाकडे निघाल्या.