भिकनच्या नावाची मूठ

पुष्पाबाई काही भांडखोर बाई नव्हती. नळावर कुणी तिची कळशी मागे सारली तर दोन शब्द बोलून गप्प व्हायची. पण एखादी गोष्ट तिच्या जिव्हारी लागली, की मग प्रत्यक्ष देवानं येऊन समजूत घातली तरी ती विसरत नसे. आणि थोरल्या जावेनं, तानुबाईनं, कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी जे केलं ते विसरण्यासारखं नव्हतंच मुळी.

एक्क्याण्णव सालची गोष्ट. त्या पावसाळ्यात महागाईनं नुसता उच्छाद मांडला होता. सोमवारी ऐकलेला भाव गुरुवारी नसायचा. पुष्पाबाईचा नवरा अभिमन धुळ्याला एका जिनिंगमध्ये हमाली करायचा. कापसाचा हंगाम असला की काम, पावसाळ्यात घरी बसून. त्यात ती घर कसं रेटायची ते तिचं तिलाच ठाऊक! चहात साखर बंद करून गूळ, फोडणीला पळीऐवजी चमचा, वरणात डाळ कमी नि दुधीच जास्त. आणि हरभऱ्याच्या डाळीत वाटाण्याची डाळ मिसळायची. ही युक्ती तिला शेजारणीनं शिकवली होती. दिसायला जवळपास सारखी, भावाला निम्मी. झुणका केला तर कुणाच्या बापाला कळायचं नाही.

खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते; कुळाची देवी नारळाच्या रूपात घरात मांडतात. अभिमनच्या कुळाची कानबाई अमळनेरजवळच्या गावी, थोरला भाऊ सुकदेव याच्या घरी बसायची. आदल्या दिवशी, शनिवारी, थोरली सून परातीत गहू काढायची. कुळातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत. त्या गव्हाच्या पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या, त्यांना म्हणायचं रोट. रोट फक्त कुळातल्यांनी खायचे. बाहेरच्याला घास द्यायचा नाही, आणि उरले तर अंगणात खड्डा करून पुरायचे, अशी त्या घरची रीत. पुरणाची डाळ जी ती सून आपल्या घरून आणायची. आणि ज्याच्या नावाची मूठ निघाली नाही, तो एकतर मेलेला, नाहीतर कुळानं टाकलेला.

त्या शनिवारी पुष्पाबाईनं आपली पिशवी परातीत रिकामी केली. तानुबाईनं डाळीतून हात फिरवला, थांबली, दोन दाणे उचलून दाताखाली फोडले.

“हाई तं वाटानानी दाय शे!” ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की ओसरीवरच्या सगळ्या बायकांच्या माना वळल्या. “देवीले फसाडाले निंघनी का तू?”

पुष्पाबाईची कानशिलं तापली. “निम्मी चनानीच शे, अक्का. भाव देखा ना तुम्ही.”

“भाव बठ्ठासलेच शे, एकली तुलेच नही,” तानुबाई म्हणाली आणि ती डाळ सुपात काढून बाजूला ठेवली.

एवढ्यावर राहिलं असतं तरी पुष्पाबाईनं गिळलं असतं. पण संध्याकाळी मुठी काढायला बसल्यावर तानुबाईनं सुकदेवाचं नाव घेतलं, आपल्या पोराचं, झुलालचं घेतलं, चुलत्यांची घेतली, चुलतभावांची घेतली, आणि परात पुढे सारली. अभिमनचं नाव नाही. भिकनचं नाव नाही. चुलतजाऊ यशोदाबाईनं हळूच आठवण केली, तशी तानुबाई म्हणाली, “जेन्ही दाय नही, तेन्ही मूठ नही.”

भिकन म्हणजे पुष्पाबाईचा अकरा वर्षांचा पोरगा. त्याच्या आधीची दोन पोरं महिन्याच्या आतच गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा पाच घरी पदर पसरून धान्य मागितलं, आणि त्याचं नाव भिकन ठेवलं, जगावा म्हणून. अशा पोराची मूठ चुकवायची? जिवंत पोराची? पुष्पाबाईनं सुकदेवाकडे पाहिलं; तो अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिला. नवऱ्याकडे पाहिलं, तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होता. तिनं पोराचा हात धरला आणि शेवटच्या एसटीनं न जेवता धुळ्याला परत आली.

पुढे दिवाळीच्या तोंडावर भिकनला टायफॉईड झाला. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून झालं. पुष्पाबाईनं मान डोलावली, पण कशातून झालं ते तिला पक्कं माहीत होतं. एकोणीस दिवस पोरगा अंथरुणाला खिळून होता. त्याच्या उशाशी बसून, मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बदलत तिनं नवसासारखं बोलून घेतलं: हा उठू दे फक्त. मग तानुबाईच्या अंगणात खड्डा खणायला लावीन. तिच्या हातांनीच लावीन.

पोरगा उठला. आणि पुष्पाबाई कामाला लागली.

बाजारपेठेत लखीचंदशेठचं घाऊक किराण्याचं दुकान होतं. ती सरळ गादीपुढे जाऊन उभी राहिली. “शेठ, किलोचा भाव नको. पोत्याचा सांगा.”

शेठनं चष्म्यावरून पाहिलं. “बाई, पोतं घेणार कोण?”

“मी. दर महिन्याला. डाळीचं पोतं, गुळाच्या भेल्या, तेलाचा डबा. उधार एक पैसाही नको.”

शेठ भला माणूस. त्यानं खरोखर पोत्याचा भाव लावला, वर पहिल्या खेपेला हातगाडीही करून दिली.

कुळातली सात घरं तिनं गोळा केली. यशोदाबाई धुळ्यातलीच. बाकीच्या अमळनेर, साक्री, आणखी कुठकुठच्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या जणी डबे-पिशव्या घेऊन तिच्या खोलीवर यायच्या. पुष्पाबाई ताजवा धरून डाळ, गूळ, तेल वाटायची. एकीला छटाक जास्त नाही, दुसरीला छटाक कमी नाही. दुकानात भाव चढत होते आणि या सात घरांची चूल मात्र बिनघोर पेटत होती. साक्रीची भिकुबाई तर दोन एसट्या बदलून यायची आणि दर वेळी म्हणायची, “पुष्पा, तुन्हामुये घर चालनं व माय.” पुष्पाबाई हसायची. थोरल्या घरी मात्र तिनं यातलं अवाक्षर कळू दिलं नाही.

आषाढात, वाटप चालू असतानाच, तिनं ताजवा खाली ठेवला. “यंदा कानबाई मन्हा घर बसाडसू. बठ्ठा या.”

यशोदाबाई चाचरत म्हणाली, “थोरला घर सांगनं पडी ना?”

“नही. मन्ही मूठ टाकी, तव्हय माले इचारं व्हतं का तिनी?”

भिकुबाई देवभोळी. ती म्हणाली, कुळाची कानबाई थोरल्या घरून हलवायची नसते, कोप होतो. पुष्पाबाईनं फक्त भिकुबाईचा डबा उचलला, त्यात डाळ न घालताच झाकण लावलं आणि तिच्यापुढे सरकवला. भिकुबाई त्या डब्याकडे बघत राहिली. साक्रीच्या दुकानातले भाव तिला तोंडपाठ होते. थोड्या वेळानं तिनं झाकण उघडून डबा परत पुढे केला, आणि तो विषय तिथेच संपला.

असं करणं पुष्पाबाईला शोभलं का? नाही शोभलं. पण तिला त्याचं काही वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

नागपंचमी झाली. शनिवारी धुळ्याच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत नवा नारळ मांडला, त्याला नथ घातली, हार घातले. पायरीपर्यंत माणसं बसली होती. पुष्पाबाई परात घेऊन मुठी काढायला बसली. अभिमन, भिकन, मग एकेक भाऊबंद. सगळी नावं झाली तशी तिनं हात झटकले.

सुकदेवाला अभिमन आबा म्हणायचा. तो हळू आवाजात म्हणाला, “आबानी मूठ?”

“नही.”

“भाऊ शे तो मन्हा.”

“आनि भिकन कोन व्हता तुम्हना?” ती म्हणाली. अभिमन उठून बाहेर गेला तो जेवणाच्या वेळेलाच आत आला.

रविवारी रोट झाले. चोख हरभऱ्याच्या डाळीचं पुरण, वर तूप. रात्रभर गाणी झाली. सोमवारी सकाळी पांझरा नदीत नारळ शिरवून, देवीला निरोप देऊन सगळे आपापल्या वाटेला लागले, आणि पुष्पाबाईनं नवीन पातळ नेसून अमळनेरची एसटी धरली. अभिमननं विचारलं, कुठे? ती म्हणाली, “खड्डा देखाले.”

वर्षभर ती याच घटकेची वाट बघत होती. गाडीत तिला डुलकीही लागली नाही. थोरल्या घरी शनिवारपासून कुणी फिरकलं नसणार. रोट तर केले असणारच, कारण कानबाई चुकवण्याची हिंमत तानुबाईत नाही. खाणारी तोंडं तीन. बाहेरच्याला द्यायची सोय नाही. आता गावासमोर, दिवसाढवळ्या, एवढं महागाचं पुरण मातीत घाल म्हणावं!

आणि तसंच होतं. फाटकातूनच तिला दिसलं. अंगणाच्या कडेला, तुळशीच्या मागे, तानुबाई एकटी कुदळ चालवत होती. खड्डा गुडघाभर झाला होता. बाजूला परात, तिच्यात रोटांची चळत, वर ओलं फडकं. सुकदेव आणि झुलाल घरात होते, पण लाजेनं दार लोटून बसले होते. शेजारच्या दोघी कुंपणाशी उभ्या राहून बघत होत्या.

पुष्पाबाई निवांत आत आली. “खोल खंदा, अक्का. रोट गंज शेतस, खड्डा पुराव नही.”

तानुबाईनं कुदळ थांबवली. वर्षात बाई खंगली होती. कपाळाचा घाम पदरानं पुसून ती म्हणाली, “शनवारपाईन वाट देखी. परतेक एसटीले झुलाल जाये फाट्यावर.”

“कोनी उनं नही ना?” पुष्पाबाई म्हणाली. “मीच बलाई लिधं बठ्ठासले.”

“समजनं माले.” तानुबाई खड्ड्याकडे बघत राहिली. “उनात नहीत ते नहीत. पन मुठी मी बठ्ठासन्या काढ्यात.”

“काढा ना. मन्हं काय?”

“मांगला साले चुकनं मन्हं. तुन्हाकडे ईसन सांगानी लाज वाटे. म्हनीसन यंदा पहिली मूठ भिकननी काढी. देवनं नाव घेवाना आधी तेन्हं नाव लिधं.”



पुष्पाबाईनं परातीकडे पाहिलं. त्या चळतीत भिकनची सव्वा मूठ होती. दळलेली, मळलेली, सगळ्यांच्या पिठात मिसळलेली. कुठल्या रोटात आहे ते आता कोण सांगणार? आणि त्या मुठीसाठी हा खड्डा. एकोणीस दिवस उशाशी बसून मागितलेला, वर्षभर राबून खणायला लावलेला खड्डा. पोराच्या नावाचं अन्न ती स्वतः मातीत घालायला निघाली होती, नवीन पातळ नेसून.

“ठेवा ती कुदय!” ती ओरडली. तिनं तानुबाईच्या हातातून कुदळ ओढून लांब फेकली, फडकं काढलं आणि खड्ड्याच्या काठावर, मातीतच बसकण मारली. “आबाले बलावा! झुलालले बलावा! बसा बठ्ठा. एक तुकडा बी पुरानं नही!”

सुकदेव दार उघडून आला, झुलाल आला. कुंपणापलीकडच्या बायका बघत होत्या त्या बघत राहिल्या. तानुबाई पुष्पाबाईच्या समोर बसली, आणि चौघं जण उन्हात रोट खाऊ लागले.

तिसऱ्या घासाला पुष्पाबाईचं तोंड थांबलं. पुरण गोड होतं, वेलदोडाही होता. पण जिभेला मागून लागणारी ती चव तिच्या ओळखीची होती. तिनं आपल्या घरात कितीतरी महिने तीच खाल्ली होती.

“वाटानानी शे,” ती म्हणाली.

तानुबाईनं मान वर केली नाही. “कोनीच दाय लयनं नही. माले एकलीले एवढीच परवडनी.”

म्हणजे हेही पुष्पाबाईनंच घडवलेलं. वर्षभर जे हवं होतं ते याहून जास्त मिळालं होतं: तानुबाईच्या परातीत वाटाण्याची डाळ, देवीच्या रोटात, आणि ती तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलेली. पुष्पाबाईला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि राग तर होताच, तो कुठे जातोय.

“पुढला साले बठ्ठासमोर सांगसू मी हाई,” ती दात खाऊन म्हणाली. “एकूनएक बाईसमोर.”

“सांग,” तानुबाई म्हणाली. “पन आठे, याच आंगनमा ईसन सांग.”

पुष्पाबाईनं परातीतला पुढचा रोट उचलला, मोडला, आणि निम्मा तानुबाईच्या पुढ्यात टाकला.