दोनवायरी

मोटर गुरगुरली, मागचं चाक वीतभर पुढे सरकलं आणि थरथरत तिथंच थांबलं. त्याने हँडलवरची वेगाची मूठ सोडून दिली. सकाळपासूनची ही पंधरावी खेप असेल. स्टँडवर उभी केलेली बायकोची जुनी सायकल खोलीच्या मधोमध रुसून बसली होती.

सोमवारी तिची रजा संपत होती. टेकडीवरच्या इस्पितळात ती एकोणीस वर्षं चादरी धूत होती आणि एकोणीस वर्षं तो चढ तिने पेडल मारत काढला होता. आता गुडघ्याने असहकार पुकारला होता, आणि वर बस जात नव्हती. तो काम करायचा ते पंपदुरुस्तीचं वर्कशॉप बंद झाल्यापासून घर तिच्याच नोकरीवर उभं होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणूनच कुणी त्यावर बोलत नव्हतं. मग त्याने भंगारातून मोटर आणली, बॅटरी जमवली आणि सायकल विजेवर चालवायचं मनावर घेतलं.

आधी गिअरने छळलं. मोटरवरचं दातेरी चाक मोठं पडलं. सायकल सपाटीला पळायची आणि चढ लागला की मान टाकायची. त्याने निम्म्या दातांचं चाक बसवलं, पण साखळी सरळ यावी म्हणून मोटर उलट्या तोंडाने लावावी लागली. साहजिकच ती उलटी फिरायला लागली.

त्याला हसू आलं. उलटी मोटर म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. वर्कशॉपात त्याचं नावच 'दोनवायरी' पडलं होतं. पंप पाणी चढवत नाही म्हणून कुणी रडत आला, की हा तीन वायरींतल्या कुठल्याही दोन अदलाबदल करायचा आणि चहा संपायच्या आत पाणी यायचं. सव्वीस वर्षांत हा इलाज एकदाही फसला नव्हता. इथेही त्याने तीन जाड वायरींतल्या दोन बदलल्या, आणि तेव्हापासून ही गुरगुर सुरू झाली होती.

बायको दारात बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. "अहो, जाड तिघींतल्या दोन बदलल्यात. मग शेजारच्या त्या बारीक वायरींचं काय?"

"तू घड्या घाल. मोटर माझ्यावर सोड."

तिने पुढची घडी हातात घेतली. तिने वाद न घातल्याचा त्याला जास्तच राग आला. तो त्याने मुठीवर काढला आणि ती पूर्ण पिळली. मोटर किंचाळली, तिला वीज वाटून देणाऱ्या कंट्रोलरच्या डबीतून जळका वास आला आणि सगळं थंड झालं.

दुपारी सुट्या भागांच्या दुकानदाराने ती डबी नाकाशी धरूनच निकाल दिला. मोटर फिरताना कुठवर आलीय, हे त्या बारीक वायरी डबीला कळवत असतात. जाड बदलल्या तर जोडीने त्याही बदलाव्या लागतात, नाहीतर डबी भलत्या वेळी धक्के देत बसते आणि जळते. नवी यायला पंधरा दिवस लागणार होते.

"कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं होतं," तो म्हणाला.

घरी येऊन त्याने हे बायकोला जसंच्या तसं सांगितलं. सांगताना त्याला लाज वाटली, आणि ती लपवावी असं या वेळी वाटलं नाही. रजा वाढणार नाही, एवढंच ती म्हणाली. मग बराच वेळ गुडघा चोळत बसली.

सोमवारी सकाळी त्याने मोटर आणि बॅटरी उतरवून सायकल हलकी केली. चढाच्या पायथ्याशी तिला सीटवर बसवलं, पाय पेडलवर नुसते टेकवून ठेवायला सांगितले आणि मागून कॅरिअरला दोन्ही हात लावले. वळणावरच्या टपरीशी वर्कशॉपातला जुना फिटर उभा होता.

"काय दोनवायरी, मोटर कुठंय?"

याच्या छातीत उत्तर द्यायला हवा नव्हती. तीच म्हणाली, "मागे लावलीय."

अर्ध्या चढावर धापेने त्याला थांबावंच लागलं. तिने ब्रेक दाबून धरला, आणि तो पुन्हा ढकलायला लागेपर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही.