सव्वानऊची घंटा

कॅल्डर गावचा मुख्य रस्ता हीच दोन राज्यांची हद्द. दक्षिणेकडची दुकानं टेनेसीत, उत्तरेकडची व्हर्जिनियात, आणि मधोमध डांबरावर एक पांढरा पट्टा. हवा एक, चर्च एक, डासही दोन्हीकडचे सारखेच चावरे. पण वर्षातून एकदा पेपरात ती यादी येते, कुठल्या राज्यातली माणसं किती सुखी, किती निरोगी, किती वर्षं जगतात याची, आणि मग आठवडाभर गावात दुसरा विषय नसतो. उत्तरेकडचे लोक मुद्दाम दक्षिणेच्या हॉटेलात न्याहारीला येतात आणि दारातूनच ओरडतात, "अरे, रस्ता ओलांडा रे, आयुष्य वाढेल!" दक्षिणेकडचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे, "देवाची कृपा, मिसिसिपी आहे!" यादीच्या तळाशी आपल्याहून वाईट एखादं राज्य असतंच. दगडापेक्षा वीट मऊ, आणि सगळे हसतात.

व्हर्ना स्टॅलर्डला हसू येत नसे. ती त्याच हॉटेलात पहाटेपासून न्याहारीची मऊ, पावासारखी बिस्किटं भाजायची आणि त्यांच्यावर ओतायची ग्रेव्ही ढवळायची. वय एक्केचाळीस. तिचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी मोटारीखाली पाना हातात धरून गेले, हृदय बंद पडून. तेच हृदय तिच्या वाट्याला आलं होतं. शिवणाच्या कारखान्यात नोकरी होती तेव्हा डॉक्टरांनी तिच्या छातीत काडेपेटीएवढं एक यंत्र बसवलं. हृदय थांबलं तर ते आतून झटका देतं आणि पुन्हा चालू करतं. पुढे कारखाना बंद पडला, नोकरीबरोबर विमाही गेला, आणि आता यंत्राची बॅटरी संपत आली होती. बॅटरी संपत आली की हे यंत्र रोज ठरल्या वेळी वाजतं. व्हर्नाची छाती पाच आठवडे रोज सकाळी सव्वानऊला वाजत होती, एक सूर वर, एक सूर खाली, वीस सेकंद. घंटा सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत यंत्र बदला, असं डॉक्टर म्हणाले होते.

ती राहायची टेनेसीत, आईच्या घरी, आईच्या सोफ्यावर. टेनेसीत एकट्या, मूलबाळ नसलेल्या बाईला गरिबांचा सरकारी विमा मिळत नाही. पट्ट्यापलीकडे मिळतो. म्हणून तिने अर्जावर पलीकडचा, ओशी मावशीचा पत्ता घातला होता. खोटं होतं ते, पण विमा मंजूर झाला होता. सरळ पलीकडे राहायला का गेली नाही, असं विचारणाऱ्याने तिची आई बघितलेली नाही. ओपल स्टॅलर्डची आठवण गेली दोन वर्षं गळक्या बादलीसारखी झाली होती. सकाळी तीन तास तिच्याजवळ बसणारी मदतनीस बाई टेनेसीने दिलेली. आईला घेऊन हद्द ओलांडली की ती सुटणार, आणि पलीकडच्या रांगेत शेवटी उभं राहायचं. आईला एकटं टाकणं तर व्हर्नाला जमणारच नव्हतं.

म्हणून अर्ज केल्यापासून ती रोज आईची उजळणी घ्यायची.

"आई, कुणी विचारलं, व्हर्ना कुठे राहते, तर काय सांगशील?"

"पलीकडे. ओशीकडे. व्हर्जिनियात."

"शाबास!"

पाच मिनिटांनी आई मदतनीस बाईला कौतुकाने सांगायची, "माझी व्हर्ना या सोफ्यावर झोपते हो. पाय मावत नाहीत बिचारीचे."

त्या गुरुवारी काम आटोपून व्हर्ना हॉटेलातून थेट मावशीकडे गेली, कारण हॉस्पिटलचं पत्र तिथेच येणार होतं. पत्र आलं होतं. यंत्र बदलण्याची शस्त्रक्रिया मंगळवारी, सकाळी सात वाजता. तिने ते दोनदा वाचलं, आणि तेवढ्यात दार वाजलं.

दारात एक उंच माणूस. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट, निळा इस्त्रीचा शर्ट.

"नमस्कार. मी लायल प्रूएट. विद्यापीठातून आलोय. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोकांचं राहणीमान ताडून बघतोय. थोडे प्रश्न विचारू?"

चोराच्या मनात चांदणं. व्हर्नाला विद्यापीठ ऐकूच आलं नाही, तिला फक्त ओळखपत्र दिसलं. शेजारच्या तालुक्यात एकाचा पत्ता खोटा निघाला तेव्हा विमा तर गेलाच, वर खटला भरला होता. असाच एक सभ्य माणूस आधी प्रश्न विचारायला आला होता म्हणतात. तिने पत्र घडी करून बाहीत सारलं.

ओशी मावशीला मात्र आयता श्रोता मिळाला. "ये ये बाबा, बस. कॉफी घे. मी पडले एकटी, दिवसभर भिंतींशी बोलते बघ."

टेबलाखाली व्हर्नाने तिच्या नडगीवर लाथ मारली.

"म्हणजे एकटी कसली," मावशी घाईने म्हणाली, "ही आहे की. माझी भाची, व्हर्ना. ही पण इथेच असते. कायम."

"म्हणजे घरात माणसं दोन," लायलने लिहून घेतलं. तो व्हर्नाकडे वळला. "गेल्या तीस दिवसांत तुम्ही इथे किती रात्री झोपलात?"

"तीस."

फारच पटकन बोलून गेली. खऱ्या आकड्याला थोडा तरी डाग हवा म्हणून तिने सुधारलं, "एकोणतीस."

लायलची नजर खुंटीवरच्या एकुलत्या एका कोटावरून फिरली. निदान व्हर्नाला तरी तसं वाटलं. तिला आता सगळंच पुरावा दिसत होतं, ओट्यावरचा एक कप, दाराशी चपलांचा एकच जोड.

"आता समजा, एक शिडी आहे. सगळ्यात खाली शून्य, म्हणजे वाईटात वाईट जगणं. वर दहा. तुम्ही कुठल्या पायरीवर उभ्या आहात?"

उत्तरेकडची बाई काय सांगेल? व्हर्ना मनातल्या मनात उत्तरेकडची बाई झाली. "आठ."

"आठ?" मावशीने भुवया उडवल्या. "काय गं, लॉटरी लागली का तुला?"

"मावशी, तू गप्प बस गं."

"गेल्या वर्षभरात परवडत नाही म्हणून कधी औषध टाळावं लागलं?"

दोन हिवाळे तिने गोळ्या अंगठ्याच्या नखाने अर्ध्या करून खाल्ल्या होत्या. "नाही," ती म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून अकरा मिनिटं झाली होती. व्हर्ना उठली. "मला कामावर जायचंय."

"आत्ता?" मावशी म्हणाली. "तुझी बिस्किटं तर आठलाच संपतात की!"

मावशीचं प्रेम असं होतं. घात करायला वैरी लागत नव्हता.

"दोनच मिनिटं, मॅडम," लायल हसून म्हणाला. उठलेल्या माणसाला बसवायचं असलं की गप्पा काढाव्यात, हे तो धंद्यात शिकला असावा. "तुमच्या गावचे लोक फार गोड आहेत हो. आत्ताच पलीकडे एका आजींकडे होतो. मदतनीस बाई होत्या म्हणून बरं, नाहीतर उत्तरं काही जुळत नव्हती. म्हणाल्या, माझी मुलगी सोफ्यावर झोपते आणि तिच्या छातीत घड्याळ आहे. रोज सव्वानऊला वाजतं, मग मी माझी गोळी घेते." तो मान हलवत हसला. "म्हातारपणी काय काय सुचतं माणसाला!"

मावशीचा चमचा कपात तसाच थांबला. व्हर्ना खुर्चीत परत बसली, कारण आता पळणं म्हणजे कबुलीच. तिने दोन्ही हात छातीवर घट्ट आवळले. स्वेटरवर स्वेटर असता तरी उपयोग नव्हता, आवाज हाडांतून येतो. तिने जन्मात एवढी मनापासून प्रार्थना केली नव्हती, चर्चमध्येसुद्धा नाही. आज नको. आजचा एक दिवस बंद पड. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण कशाला बंद पड म्हणतोय, आणि ती आणखीच घाबरली.

सव्वानऊ झाले. छाती वाजायला लागली.

एक सूर वर, एक सूर खाली.

"ओव्हन!" मावशी ओरडली आणि धडपडत उठली. "ओव्हन वाजतोय मेला! माझा केक!" तिने ओव्हनचं दार धाडकन उघडलं. आत थंडगार रिकाम्या जाळ्या होत्या. यंत्र वाजतच राहिलं. वीस सेकंद किती लांब असतात ते त्या स्वयंपाकघराला त्या दिवशी कळलं.

आवाज थांबला. लायल ओव्हनकडे बघत होता. मग त्याने व्हर्नाच्या आवळलेल्या हातांकडे बघितलं, आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"मंगळवारी आहे," व्हर्नाच्या तोंडून निघून गेलं. "मंगळवारी मशीन बदलणार आहेत. तेवढं होऊ द्या. मग विमा काढून घ्या, तुरुंगात टाका, काय करायचं ते करा. मी मेले तर त्या बाईला बघायला कुणी नाही हो."

"मॅडम, मी विमावाल्यांचा माणूस नाही."

"मग गळ्यात हे काय?"

"विद्यापीठाचं ओळखपत्र."

"ते पण असंच म्हणाले असतील, त्या दुसऱ्या माणसाला."

लायलला कुठला दुसरा माणूस ते कळलं नाही. वाईट माणूस नव्हता तो. "अडचण अशी आहे," तो म्हणाला, "की एक माणूस दोन राज्यांत धरता येत नाही. आजींनी मुलगी सांगितली, इथे तुम्ही आहात. एका बाजूने काढावं लागेल. कुठून काढू?"

खरं सांगायचं तर विमा जातो, खोटं सांगायचं तर कागदावर आई एकटी पडते, असं काहीसं व्हर्नाला वाटलं.

"पलीकडून काढतो," तो म्हणाला. "आजी एकट्या राहतात. तुम्ही इथे. आठ." त्याने बोट टेकवलं आणि उठला.

दारात पोचल्यावर मात्र तो घुटमळला. "एक सांगून ठेवतो. दहा घरांमागे एका घरी आमच्या ऑफिसातून फोन येतो, पडताळणीचा. घरात कोण कोण राहतं, एवढंच विचारतात. कुठल्या घरी येईल ते माझ्या हातात नाही. आणि तो फोन रेकॉर्ड होतो."

तो गेला. मावशी म्हणाली, "भला माणूस होता गं." व्हर्ना म्हणाली, "भली माणसंच सगळं लिहून घेतात." तिचा त्याच्यावर काडीचाही विश्वास नव्हता. विद्यापीठ, विमा, कोर्ट, तिच्या लेखी सगळ्या तारा एकाच खांबाला बांधलेल्या.

पुढचे चार दिवस तिने जीव मुठीत धरून काढले. आईच्या घरच्या फोनची तार काढून टाकावी असं मनात आलं, पण मदतनीस बाईंचं ऑफिस त्याच फोनवर हजेरी घ्यायचं. मग उरली उजळणी. सकाळ, दुपार, संध्याकाळ.

"व्हर्ना कुठे राहते, आई?"

"इथेच की. वेडी का तू? तूच व्हर्ना."

"पलीकडे म्हणायचं, आई. पलीकडे."

"पण तू तर वाजतेस ना रोज," आई समजावणीच्या सुरात म्हणायची. तिच्यापुरता एवढा पुरावा पुरेसा होता. चेहरा तिला कधी आठवे, कधी नाही. पण सव्वानऊला आवाज आला की ती हात पुढे करायची, गोळी घ्यायची आणि म्हणायची, "आली माझी व्हर्ना."

सोमवारपर्यंत फोन आला नाही. मंगळवारी पहाटे मावशी आईपाशी येऊन बसली आणि व्हर्ना हॉस्पिटलात गेली. खिडकीतल्या बाईने न बघता विचारलं, "पत्ता?" व्हर्नाने व्हर्जिनियाचा पत्ता सांगितला. तिला वाटलं, आता दोन पोलीस येतील. एक नर्स आली आणि तिने हिरवा झगा दिला. भूल चढेपर्यंत व्हर्ना दाराकडेच बघत होती.

बुधवारी सकाळी ती घरी आली. खांद्याखाली पट्टी, आत नवं यंत्र, दहा वर्षांची बॅटरी. मावशी आपल्या घरी गेली. मदतनीस बाई औषधं आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. आई सोफ्यावर बसली होती, नजर घड्याळावर. सव्वानऊ झाले. आईने हात पुढे केला आणि वाट बघितली.

घर शांत राहिलं.

नऊ सतरा. नऊ अठरा. व्हर्नाने तळव्यावर गोळी ठेवली, तर आईने हात मागे घेतला.

"वाजलं नाही," आई म्हणाली.

"आता वाजणार नाही, आई. नवीन बसवलंय. मी बरी झाले."

आईने तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं, सभ्यपणे आणि थोडं घाबरून. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. व्हर्ना पोचायच्या आत आईने तो उचलला होता.

"हो, ओपल स्टॅलर्ड बोलतेय," आई म्हणाली. "घरात? मी एकटीच राहते." व्हर्ना जागच्या जागी उभी राहिली. "मुलगी आहे की. व्हर्ना. ती इथे नसते. पलीकडे राहते, ओशीकडे. व्हर्जिनियात."

चार महिन्यांची उजळणी एकदाची पाठ झाली होती. एक अक्षर चुकलं नाही.

"थांबा हं," आई फोनमध्ये म्हणाली, पण फोन खाली ठेवला नाही. तो हातात तसाच चालू धरून तिने व्हर्नाच्या पट्टीकडे बघितलं, आणि तिला दया आली. "दमलेल्या दिसता हो बाई तुम्ही. कुठे असतं घर तुमचं?"

फोनमध्ये कुणीतरी वाट बघत होतं. व्हर्नाने ओठ ओले केले.

"पलीकडे," ती म्हणाली. "व्हर्जिनियात."